चार सुती पाना

माझा थोरला भाऊ इस्कंदर रिफायनरीत पंप दुरुस्त करायचा. आबादानमध्ये एवढं सांगितलं की माणसाची अर्धी ओळख होते. त्याची उरलेली अर्धी ओळख म्हणजे त्याची पांढरी पेकान. इराकशी झालेल्या लढाईच्या आधी घेतलेली ही गाडी. शहराला वेढा पडला तेव्हा तिनेच आम्हा सगळ्यांना कोंबून शिराझला नेलं आणि लढाई संपल्यावर परतही आणलं. गल्लीत बाकी सगळ्यांनी गाड्या बदलल्या. दादाने बदलली नाही.

दर शुक्रवारी सकाळी तिचं बॉनेट उघडं असायचं आणि दादा कमरेपर्यंत आत. येणारा-जाणारा कुणीतरी हटकून म्हणायचा, "इस्कंदर, अजून धुगधुगी आहे का रे तिच्यात?"

तो मान वर न काढता म्हणायचा, "तुझ्या मयताला हिच्यातूनच येणार आहे. तू निर्धास्त राहा."

गॅरेजवाल्याचा हात त्याने गाडीला कधी लागू दिला नाही. म्हणायचा, "त्यांच्या हातात पाना दिला की ते आधी जोर लावतात, मग बघतात." त्याची हत्यारं डिकीत एका लोखंडी पेटीत असायची. रिंग पाने, फिक्स पाने, गोटी पाने, पकडी, सगळं तेल लावून पुसलेलं. उसने मागायला आलेल्याला तो चहा पाजायचा आणि रिकाम्या हाती परत पाठवायचा. मी शिंपी. मीही माझी कात्री कुणाला देत नाही. एवढ्या एका गोष्टीत तो मला मानायचा. बाकी लहानपणापासून माझ्या हातून काही पडलं-सांडलं की त्याचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "हात आहेत का फावडी?" रिफायनरीतल्या त्याच्या हाताखालच्या सगळ्या पोरांनी ते ऐकलेलं होतं.

निवृत्त होऊन फार काळ झाला नव्हता. एका दुपारी जेवताना, माशाच्या कालवणात बुडवलेला भाकरीचा तुकडा त्याच्या हातातून निसटला. वहिनीला वाटलं, चटका बसला. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. पेकान मीच चालवली. इस्पितळाच्या दारात ती सोडली आणि आम्ही आत धावलो. पुढचे कितीतरी दिवस आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. गाडी बाहेर रस्त्यावरच राहिली. एक दिवस पाहतो तर डिकी उचकटलेली आणि हत्यारांची पेटी नाहीशी.

"त्याला सांगायचं नाही," मोनीर वहिनी म्हणाली. "आधी घरी येऊ दे."

तो घरी आला तेव्हा त्याचा उजवा हात मेलेल्या माशासारखा मांडीवर पडलेला असायचा. पाय ओढत कसाबसा चालायचा. बोलणं मात्र सगळं गेलं होतं, फक्त एक शब्द उरला होता. "मीठ." पाणी हवं असलं तरी मीठ, पंखा लावायचा असला तरी मीठ, मी दिसलो की आनंदाने मीठ. तो तो शब्द असा म्हणायचा जणू पूर्ण वाक्य बोलतोय, वर-खाली सूर लावून, आणि मग आमच्या तोंडाकडे बघायचा. आम्हाला कळलं नाही हे त्याला कळायचं. ते बघवत नसे. पहिल्या आठवड्यात वहिनी खरोखरच मिठाची वाटी घेऊन धावली होती. त्यावर तो हसला, आम्हीही हसलो. नंतर कुणी हसलं नाही.

अहवाझला एक बाई होत्या, गेलेली वाचा परत आणायचं काम करणाऱ्या. त्यांनी त्याला चित्रं दाखवली, शब्द घोटून घेतले. काही होईना. तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांच्या हाताला जे माहीत आहे ते हातात द्या. हातामागून कधीकधी शब्द येतो."

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "हूशंग, पाने घ्यायचे."

"वहिनी, त्या 'कधीकधी' म्हणाल्या."

"मी ऐकलं."

तिने ते ऐकलं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून ती एकटीच बाजारात गेली आणि चकचकीत दुकानातून एक संच घेऊन आली. लाल प्लॅस्टिकची पेटी, प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराचा खड्डा, आरशासारखं पॉलिश. तिने ती त्याच्या मांडीवर ठेवून उघडली. त्याने डाव्या हाताने एक पाना उचलला, तोलला, डोळ्याजवळ नेला आणि परत ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. मग तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "मीठ."

"आवडले ना?" ती म्हणाली. "चल, गाडीशी जाऊ."

पेकानचा पाण्याचा पंप गळत होता. हे तो आजारी पडायच्या आधीपासूनचं. तीच दुरुस्ती करायची असं तिने ठरवलं होतं. आयुष्यभर पंपच दुरुस्त केलेला माणूस, त्याला याहून ओळखीचं काय असणार? अंगणात गाडी घेतली. दादाला खुर्चीवर बसवलं. वहिनीने बाह्या सारल्या, तेराचा पाना घेतला आणि पंपाच्या बोल्टवर चढवला. तो चढला, पण खुळखुळत होता.

"मीठ," दादा म्हणाला.

"हो, हो. फिरवते."

"मीठ. मीठ." तो डावा हात हलवत होता. त्याचा चेहरा लाल झाला. "मीठ, मीठ, मीठ."

तिने जोर लावला. पाना घसरला, तिची बोटं रेडिएटरवर आपटली आणि बोल्टचा एक कोपरा गुळगुळीत झाला. दादाने मांडीवरची लाल पेटी उचलून भिंतीवर फेकली. पाने अंगणभर उडाले. वहिनीच्या बोटांतून रक्त येत होतं. ती तशीच उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"हूशंग," ती म्हणाली, "याला सगळं कळतंय. कळलं का तुला? हा आत सगळा तसाच आहे."

मला ते आधीच कळायला हवं होतं, पण नव्हतं कळलं. मी पाने वेचत राहिलो.

पुढच्या खेपेला आम्ही त्याला घेऊन गेलो. नदीकाठच्या बाजारात, जिथे लाँचवाले कुवेतहून आणलेला माल उतरवतात, त्याच्या मागच्या गल्लीत हाजी जासेमचं दुकान आहे. तिथे नवं काही मिळत नाही. दादाला पाहून जासेम उठला, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि त्याचा मेलेला हात आपल्या हातात धरून बसला.

"कसा आहेस रे वाघा?"

"मीठ," दादा म्हणाला.

"बरोबर आहे," जासेम म्हणाला. "माझंही तेच आहे." मग वहिनीकडे वळून, "काय हवंय, बाई?"

तिने तेराचा पाना आणि गोल झालेल्या बोल्टची हकीकत सांगितली. जासेमने कपाळाला हात लावला. "अहो, ती जुनी पेकान आहे. इंग्रजांच्या घरची लेक. तिचे बोल्ट इंची आहेत, सुतात मोजायचे. तुम्ही आणलेत मिलिमीटरचे. तेराचा चार सुतीवर चढतो, म्हणून सगळे फसतात. चढला म्हणजे बसला असं थोडंच आहे? हा बिचारा तेच सांगत होता तुम्हाला."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने डोळे मिटले आणि मान खाली घातली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी त्याचं म्हणणं समजलं होतं.

जासेमने फळीखालून एक गोणपाट ओढलं. रिफायनरीतून पूर्वी कधीतरी भंगारात निघालेले पाने होते, काळे, जड, काहींवर इंग्रजी अक्षरं. त्याने ते दादाच्या पायाशी ओतले. दादा वाकून एकेक उचलत होता. फिक्स पान्याचा जबडा आधी उजेडाकडे धरून बघायचा. जरासा फाकलेला दिसला की बाजूला. मग तळहातावर तोलायचा. मग जबड्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मी कापडाची वीण बघतो तसा. एक रिंग पाना त्याने बराच वेळ धरून ठेवला, आतून बोट फिरवलं आणि तोही नाकारला.

"त्याला काय झालंय?" मी विचारलं.

जासेमने पाना घेऊन चष्मा लावला. "आत बारीक तडा आहे," तो म्हणाला. "मला दिसला नव्हता."

शेवटी एक छोटासा ढीग जमला. साडेतीन सुती, चार सुती, साडेचार, पाच. रिंग आणि फिक्स दोन्ही. एक नाकाडी पकड, एक लाकडी मुठीचा पेचकस. चार सुती रिंग पाना त्याने ढिगात ठेवला नाही, खिशात घातला. वहिनी तोंडावर ओढणी धरून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. मी गेलो तेव्हा ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. नाक्यावर आम्ही तिघांनी समोसे खाल्ले. दादाच्या हनुवटीवर चिंचेची चटणी ओघळली. वहिनीने ती पुसली आणि म्हणाली, "बघ, याच्या तोंडावर कसा रंग आलाय."

खरंच आला होता.

पुढचे काही दिवस सगळ्यात चांगले गेले. तो खुर्चीवर बसून बोटाने दाखवायचा आणि ती करायची. गोल झालेला बोल्ट त्याने तिच्याकडून पकडीने, तेल टाकून, थांबून थांबून काढून घेतला. घाई केली की तो खुर्चीच्या हातावर पाना वाजवायचा. पंप निघाला. नवा बसवताना तिने पॅकिंग उलटं लावलं आणि बोल्ट आवळायला घेतला, आणि तेव्हा ते झालं.

"हात आहेत का फावडी?"

स्वच्छ. त्याच्या जुन्या आवाजात. मी दारातून येत होतो, माझ्या हातातली खजुराची पिशवी तशीच राहिली. वहिनीच्या हातातून पाना पडला. दादा स्वतःच दचकला होता. त्याने आपल्या ओठांना हात लावून पाहिला.

"परत म्हण," वहिनी म्हणाली. ती त्याच्या गुडघ्याशी बसली. "इस्कंदर, परत म्हण. मला शिव्या दे. काहीही म्हण."

त्याने तोंड उघडलं. कपाळाच्या शिरा ताठल्या. "मीठ," तो म्हणाला.

तरी त्या दिवशी ती गल्लीभर सांगत सुटली. शेजारणी मिठाई घेऊन आल्या. आम्ही अहवाझला फोन केला, मग प्रत्यक्ष गेलो. त्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हे असं होतं. शिव्या, प्रार्थना, तोंडात बसलेली वाक्यं, ती वेगळ्या जागेतून आपोआप येतात. ते बोलणं नव्हे. त्यावर फार आशा बांधू नका."

"तुम्ही तिथे नव्हता," वहिनी म्हणाली.

"नव्हते."

"मग तुम्हाला काय माहीत?"

वहिनी पुन्हा त्यांच्याकडे गेली नाही.

पंप बसला, गळती थांबली, गाडी सुरू झाली. काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर वहिनी बॉनेटमध्ये होती आणि रेडिएटर खाली काढून ठेवलेला होता.

"याला काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "साफ करतेय."

मग कार्ब्युरेटर निघाला, मग स्टार्टर, मग प्लग. सगळं ठीक चालत होतं, तरी निघालं. अंगणात जुनी चादर अंथरून ती त्यावर भाग मांडायची. तिच्या हाताला आता चांगलं वळण आलं होतं, पाना बरोबर बसायचा, तरी ती मुद्दाम चुकायची. चुकीचा पाना उचलायची, उलटा फिरवायची, आणि मान तिरकी करून त्याच्याकडे बघायची. एखाद्या वेळी ते वाक्य यायचं. ते आलं की दिवसभर तिच्या अंगात उत्साह असायचा. मग ते दोन-तीन आठवडे यायचं नाही. ती आणखी काहीतरी काढायची.

"वहिनी, हे परत जोडणार कोण?"

"तो सांगेल."

"त्याला सांगता येत नाही."

"येईल," ती म्हणाली. "घाई कसली आहे तुला? तुला कुठे जायचंय?"

दादा थकत चालला होता हे मला दिसत होतं. पूर्वी तो चूक झाली की पाना वाजवायचा. आता तो नुसता बघत बसायचा, मधेच गाडीकडे, मधेच भिंतीकडे. ती मुद्दाम चुकतेय हे त्याच्या लक्षात आलं होतं की काय, मला ठाऊक नाही. एकदा तिने पेचकस उलटा धरला तेव्हा त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला, सरळ करून परत दिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

उन्हाळा लागला. नदीवरून तो चिकट दमट वारा सुरू झाला. पत्रा हाताला पोळायचा. एका सकाळी मी चहाला बसलो होतो. वहिनीने नेहमीप्रमाणे दादाच्या हातात चार सुती रिंग पाना दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. मग तो चहाच्या पेल्यात घातला आणि ढवळायला लागला. काळजीने, एकसारखा, काचेला लागू न देता.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मस्करी करतोय," ती म्हणाली.

मी माझा पेला खाली ठेवला.

"इस्कंदर, हे काय आहे? हे काय आहे, सांग. दाखव मला, कुठे बसतं हे?"

त्याने पाना चाटला आणि खाली ठेवला.

इस्पितळात सांगितलं, डोक्यात आणखी एक गुठळी झाली आहे, बहुधा झोपेत. बाहेरून फारसं काही बदललं नव्हतं. तेच चालणं, तोच हात. पण आतला तो, ज्याला सगळं कळत होतं आणि ज्याच्यासाठी वहिनी महिनोन् महिने तेलात हात घालून बसली होती, तो गेला होता. आता तो 'मीठ' म्हणताना आमच्या तोंडाकडे बघेनासा झाला. आम्हाला कळलं की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं उरलं नाही.

त्या आठवड्यात संध्याकाळी मी गेलो तेव्हा अंगणातून तिचा आवाज येत होता. तिने त्याला त्याच्या खुर्चीत गाडीसमोर बसवलं होतं. दोन्ही हातांनी कॉलर धरली होती.

"बोल. एकदा बोल. माझे हात फावडी आहेत म्हण. मी सगळं खोललंय तुझ्यासाठी. बघ इकडे. बघ ना."

त्याचं डोकं तिच्या हिसक्याबरोबर हलत होतं. तो घाबरला होता, लहान मूल घाबरतं तसा, आणि का ते त्याला समजत नव्हतं. मी तिचे हात सोडवले. ती जमिनीवर बसली. मग उठली, आत जाऊन ओला फडका आणला आणि त्याचं तोंड, मान, कान पुसले. कॉलरचं वरचं बटण तुटलं होतं. ते मला देऊन म्हणाली, "हे लावून दे." तिथेच बसून मी ते लावलं. तो माझ्या सुईकडे बघत होता.

त्यानंतर पश्चिमेकडून धुळीचं वादळ आलं, मोठं. चादर उडाली, भाग वाळूत बुडाले. इंजिनाची भोकं उघडी होती. झाकायला हवी होती हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा वहिनीच्या आलं असेल आणि तिने केलं नसेल. काही आठवड्यांनी मी काझेमला घेऊन गेलो. हा गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक. दादाने त्याला जन्मभर बॉनेटला हात लावू दिला नव्हता. तो बराच वेळ वाकून बघत होता. मग हात पुसत उभा राहिला.

"वहिनी, सिलिंडरमध्ये वाळू गेलीय आणि वर गंज चढलाय. माझ्याकडून होणार नाही. कुणाकडूनच होणार नाही."

"बरं," वहिनी म्हणाली.

"इस्कंदरभाईंची गाडी. मी फुकट केलं असतं."

"माहीत आहे मला. हे पाने घेऊन जा."

त्याने ते बादलीतून उचलून बघितले. "इंची आहेत. आता कुणाच्या गाडीला लागतात हे?" तो संकोचाने म्हणाला आणि त्याने ते परत ठेवले. ते तिथेच बादलीत राहिले. पुढे कधीतरी त्या बादलीत तिने धुणं भिजवलेलं मी पाहिलं. पाने कुठे गेले, मी विचारलं नाही.

भंगारवाल्याचा ट्रक आला. गाडी दोरखंडाने वर ओढताना पुढचं एक चाक भिंतीला घासलं आणि विटांचा चुरा पडला. दादा ओसरीवर होता. आवाजामुळे त्याने कानावर डावा हात ठेवला. ट्रक गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तोवर त्याला झोप लागली होती.

आता वहिनी दुपारी माझ्या दुकानात येते. दादा झोपलेला असतो. तेवढा वेळ शेजारीण त्याच्याजवळ बसते. वहिनी कापडांच्या ताग्यांना टेकून बसते, बांगड्या मागे सारून हात मांडीवर ठेवते. तिच्या नखांतलं तेल अजून गेलेलं नाही.

"हूशंग, काहीतरी बोल," ती म्हणते.

"काय बोलू?"

"काहीही. घरात कुणी बोलत नाही."

मग मी बोलतो. वीज कधी गेली ते, कुणाच्या लग्नाचे कपडे आलेत ते, तांदूळ चांगला येत नाही ते. ती ऐकते. कधी मान हलवते. माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. ते लवकर संपतं. मग मशीनचाच आवाज राहतो. ती थोडा वेळ बसते, घड्याळाकडे बघते, आणि त्याला भरवायची वेळ झाली म्हणून उठते.